दोन काटे आणि कुंभार्ली घाट

मोटार चालवणाऱ्याला दोन डोळे पुरत नाहीत, हे माझे फार जुने मत आहे. एक डोळा रस्त्यावर, दुसरा आरशात, आणि तिसरा, शंकराकडून उसना मिळाला तर, समोरच्या काट्यांवर ठेवावा लागतो. नव्या गाड्यांच्या मालकांना या तिसऱ्या डोळ्याची गरज उरलेली नाही. त्यांच्या गाड्या बोलतात, गातात, पट्टा बांधला नाही तर रागावतात आणि पेट्रोल अजून किती किलोमीटर पुरेल हेही आपण होऊन सांगतात. आमची गाडी त्या पिढीतली नव्हे. १९९१ साली ती घरी आली तेव्हा मी पाचवीत होतो. तिच्या कुळाचे आणि कारखान्याचे नाव मी येथे सांगणार नाही, कारण पुढे जे घडले त्यात कारखान्याचा काडीइतका दोष नाही. पस्तिशीला टेकलेल्या बाईचा गुडघा दुखला म्हणून कोणी तिच्या माहेरच्यांना बोल लावीत नाही.

गाडी आमच्या वडिलांची, म्हणजे अण्णांची. अण्णांची सारी हयात काटे वाचण्यात गेली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने कोयनानगर मोडून पडले, त्यानंतर दोन वर्षांनी ते वीज खात्यात पोफळीला रुजू झाले. तेथे डोंगराच्या पोटात जे वीजघर आहे, त्याच्या नियंत्रण कक्षात बसून तासातासाला काटे पाहायचे आणि आकडे नोंदवहीत उतरवायचे, हा त्यांचा धर्म. पुढे साताऱ्याला बदली झाली, निवृत्ती झाली, तरी धर्म सुटला नाही. गाडी आली त्या दिवसापासून पुढच्या खणात एक लांबट वही असे. तारीख, गाव, किलोमीटर, पेट्रोल किती लिटर, आणि शेवटी 'शेरा'. आई म्हणायची, "माझी पत्रिका पाहिली नाही एवढ्या बारकाईने!"

आईला जाऊन आता दोन वर्षे होत आली. ती गेल्यापासून अण्णा बोलेनासे झाले. आजारी नव्हेत, रागावलेले नव्हेत. जेवण वेळेवर, फिरणे वेळेवर. पण विचारल्याशिवाय शब्द नाही, आणि विचारले तर उत्तर ठरलेले : "बघा तुमचं." वहीतली नोंदही बंद पडली. शेवटची ओळ आईला पुण्याच्या इस्पितळात नेले त्या दिवसाची होती. शेरा : 'रस्ता खराब. सावकाश.' पुढची पाने कोरी.

आता येथे माझी एक कबुली. अण्णांना कशाचीच हौस उरली नाही असे धरून मी परस्पर एक निर्णय घेऊन टाकला होता. पंधरा वर्षांनंतर गाडीची नोंदणी नव्याने करावी लागते आणि मग दर पाच वर्षांनी तोच सोहळा. वर पर्यावरण कर. शेजारी नव्या चकचकीत गाड्या, आणि आमच्या अंगणात ही म्हातारी. एका एजंटाशी बोलणे झाले होते आणि गुहागरहून परतल्यावर सोमवारी तो गाडी पाहायला येणार होता. अण्णांना विचारले नव्हते. विचारून काय उत्तर येणार, ते ठाऊकच होते!

गुहागर हे आईचे माहेर. गेल्या डिसेंबरात चिरंजिवांना सुट्टी लागली आणि आमच्या कॉलेजच्या परीक्षाही आटोपल्या, तेव्हा सौभाग्यवतींनी बेत मांडला. अण्णा म्हणाले, "बघा तुमचं." आम्ही त्यालाच होकार मानला.

साताऱ्याहून गुहागरला जायचे तर महामार्गाने उंब्रजपर्यंत यावे, तेथे उजवीकडे वळून मल्हारपेठ गाठावी आणि पाटणचा रस्ता धरावा. इथून कोयना नदी सोबतीला येते. सोबत म्हणजे काय, आपण पश्चिमेला निघालेले असतो आणि ती आपल्याला ओलांडून पूर्वेला, कराडला कृष्णेच्या भेटीला चाललेली असते. दिवस उसाचे. प्रत्येक वळणावर एक ट्रॅक्टर आणि त्यामागे पाठीवरून मळी हेलकावणाऱ्या म्हशीसारख्या डुलणाऱ्या दोन ट्रॉल्या. त्यांच्यामागून सरकत सरकत पाटण आले तेव्हा चार वाजून गेले होते. पेट्रोलचा काटा पावाच्या किंचित वर होता. पंप डाव्या हाताला दिसला. 'चिपळूणला भरू' असे मी मनाशी म्हटले. प्रवासात माणसे अडकतात ती अशाच वाक्यांमुळे.

पाटण सुटले की दोन्ही अंगांनी डोंगर जवळ येऊ लागतात. पावसाळ्यात हिरवेगार असणारे त्यांचे उतार डिसेंबरात सिंहाच्या आयाळीसारखे पिवळे होतात. कोयनानगर जवळ आले. १०३ मीटर उंचीच्या त्या धरणाबद्दल चिरंजिवांना काही सांगावे म्हणून मी आरशात पाहिले आणि त्याच क्षणी पुढचे चाक एका खड्ड्यात गेले. गाडी दाणकन आपटली. सर्वांच्या तोंडून एकाच वेळी निरनिराळे उद्गार निघाले. सावरून समोर पाहतो तो पेट्रोलचा काटा तळाला आणि त्याच्या जोडीला तापमानाचा काटाही तळाला. दोघेही, जणू एकाच घरचे सुतक असल्यासारखे, मान खाली घालून बसले होते.

मी काचेवर टिचकी मारली. मराठी माणूस बंद पडलेल्या घड्याळावर, रेडिओवर आणि विजेच्या मीटरवर जो पहिला उपचार करतो, तोच मीही केला. उपयोग शून्य.

हेळवाकला एका चहाच्या टपरीपाशी गाडी थांबवली. साडेपाच होत आले होते. सूर्य घाटमाथ्याच्या पलीकडे निघून गेला होता आणि सावली भराभर दरीत उतरत होती. पुढे कुंभार्ली घाट. मागे पाटणचा पंप. आमचे विचारमंडळ बसले.

"टाकी फुटली असणार," सौभाग्यवती म्हणाल्या. "एवढा मोठा खड्डा! अहो, वास येतोय का बघा."

"पाणीही सांडलं असेल," मी भर घातली. "त्याशिवाय तोही काटा कसा पडेल?"

चिरंजीव मोबाईल आकाशाकडे धरून टपरीभोवती प्रदक्षिणा घालीत होते. त्यांना रेंज मिळत नव्हती.

"परत पाटणला जाऊ या," मी म्हणालो. "गाडी तिथेच कुणाकडे तरी ठेवू आणि एस.टी.ने पुढे जाऊ. नाहीतरी ही गाडी आता..."

वाक्य मी पुरे केले नाही. मागच्या सीटवरून आवाज आला. साताऱ्यापासूनच्या प्रवासातला तो अण्णांचा पहिला प्रश्न होता.

"वेगाचा काटा चालतो का?"

"चालतो की. खड्ड्यानंतरही चालत होता."

"आणि हे दोन एकदम पडले? का एकामागून एक?"

"एकदम."

"मग आजार दोन नाहीत. एकच आहे." अण्णा दार उघडून खाली उतरले. "हात लाव बॉनेटला. गरम आहे ना? आणि काटा म्हणतो इंजिन थंडगार आहे. म्हणजे तो खोटं बोलतोय, हे उघड आहे. मग त्याच्या शेजाऱ्यावर तरी विश्वास कशाला ठेवतोस? अरे, काटा खाली पडला म्हणजे टाकी रिकामी झाली असं नव्हे. काट्याला कुणी विचारत नाहीये, एवढंच."

तरीही त्यांनी मला गाडीखाली वाकायला लावले. टाकी कोरडी, खाली थेंब नाही, पेट्रोलचा वास नाही. मग मी म्हणालो, "असं आहे तर निघू या ना. पेट्रोल आहे, पाणी आहे. काट्यांचं साताऱ्याला पाहू."

"तार सुटली असेल तर तिचं टोक आत कुठेतरी हलत असेल," अण्णा म्हणाले. "ते बॉडीला टेकलं आणि फ्यूजनं दगा दिला तर तार पेटेल. घाटात पेटेल. डिकीतली पेटी आण."

वाचकहो, भाषेच्या प्राध्यापकाला यंत्रातले काय कळणार? पण त्या संध्याकाळी हेळवाकच्या टपरीवर, दोन कप चहाच्या अवधीत, मला जे शिकवले गेले ते वर्गात शिकवावे इतके नेटके होते. म्हणून ते थोडक्यात सांगतो. जुन्या गाडीत वेगाचा काटा विजेवर चालत नाही. गिअरबॉक्सपासून एक पीळदार केबल फिरत येते आणि काटा हलवते. पेट्रोलच्या आणि तापमानाच्या काट्यांना मात्र वीज लागते. टाकीत एक तरंगता गोळा असतो. तो वरखाली झाला की विजेच्या वाटेतला अडथळा कमीजास्त होतो. इंजिनात पाण्याजवळ एक बोंडूक असते. ते तापले की त्यातला अडथळा कमी होतो. अडथळा कमी तर वीज जास्त, वीज जास्त तर काटा वर. दोन्ही काट्यांना वीज एकाच वाटेने मिळते, आणि त्या वाटेवर काडेपेटीएवढी एक डबी बसवलेली असते. इंजिनाच्या फेऱ्यांनुसार बॅटरीचा दाब बारा ते चौदा व्होल्टपर्यंत खालीवर होतो. काटे त्याबरोबर नाचू नयेत म्हणून ही डबी त्यांना सरासरी दहा व्होल्टच देते.

"एकच काटा मेला असता," अण्णा सांगत होते, "तर मी त्याच्या टोकाशी गेलो असतो. इंजिनावरच्या बोंडकाची तार काढायची, किल्ली फिरवायची आणि तार क्षणभर लोखंडाला टेकवायची. काटा वर चढला तर काटा आणि तार ठीक, बोंडूक गेलं. नाही चढला तर तार किंवा काटा. टाकीपाशी मात्र हा खेळ फार जपून करायचा. ठिणगी उडता कामा नये. पण दोन्ही एकदम मेले, म्हणजे टोकाला जायचं कारण नाही. जिथून दोघांची वाट फुटते तिथे बघायचं. इंडिकेटर लाव."

मी लावला. टिक्-टिक् सुरू झाली.

"आपल्या गाडीत इंडिकेटर आणि काटे एका फ्यूजवर आहेत. म्हणजे फ्यूज शाबूत. आता फ्यूज आणि डबी यांच्या मधेच काय ते आहे. बॅटरीची तार काढ आधी."

चिरंजीव प्रदक्षिणा सोडून जवळ आले होते. अण्णांनी त्यांच्या हातात विजेरी दिली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अण्णा ड्रायव्हरच्या सीटवर आडवे झाले, डोके डॅशबोर्डाखाली घातले आणि आतून सूचना देऊ लागले. "डावीकडे धर. अजून. हं." पेटीत त्यांनी स्वतः केलेला एक दिवा होता. होल्डरमध्ये बारा व्होल्टचा बल्ब आणि त्याला दोन तारा. मला बॅटरी पुन्हा जोडायला सांगून त्यांनी दिव्याची एक तार लोखंडाला लावली, दुसरी फ्यूजला. दिवा लागला. मग दुसरी तार डबीच्या टोकाला लावली. दिवा लागेना.

"सापडलं," डॅशबोर्डाखालून आवाज आला.

डबीकडे येणाऱ्या तारेच्या टोकाला एक चपटी पितळी चिमटी असते. तीवर हिरवा गंज चढला होता, पकड सैल झाली होती, आणि खड्ड्याने शेवटचा धक्का दिला होता. चिमटी निसटून लोंबत होती. दोन बोटांच्या अंतरावर गाडीचे लोखंड! बॅटरी पुन्हा सोडवली. टपरीवाल्याने काचपेपर नाही म्हणून काडेपेटी पुढे केली. तिच्या खरखरीत बाजूवर अण्णांनी पितळ घासून पिवळेधमक केले, पकडीने चिमटी जराशी आवळली आणि जागेवर दाबून बसवली. साऱ्या दुरुस्तीचा खर्च : चहाचे पाच कप. पाचवा टपरीवाल्याचा.

मी बॅटरी जोडली आणि किल्ली फिरवली. काटे हलले नाहीत.

माझा चेहरा पडला. चिरंजीव म्हणाले, "आजोबा, नाही झालं!" मी इंजिन सुरू करून निघण्याच्या बेतात होतो, तोच अण्णांनी माझ्या दंडावर हात ठेवला.

"थांब. ते लगेच उठत नाहीत. आत दोन धातूंची पट्टी असते. वीज गेली की ती तापते, तापली की वाकते, आणि वाकली की काटा उचलते. वेळ द्यावा लागतो."

आम्ही चौघेही त्या मळक्या काचेकडे टक लावून पाहत राहिलो. विजेरीच्या उजेडात प्रथम काही कळेना. मग पेट्रोलचा काटा केसभर हलला. मग दोन केस. पहाटे जाग आलेला माणूस जसा कुशीवर वळतो, उसासा टाकतो आणि मग उठून बसतो, तसा तो उठला आणि पावाच्या किंचित वर जाऊन स्थिरावला. तापमानाचाही आपल्या जागी आला. पाटणला दिसले होते तेवढेच पेट्रोल आताही होते. टाकी कधीच रिकामी नव्हती.

मी अण्णांकडे पाहिले. ते काडेपेटी टपरीवाल्याला परत करीत होते आणि त्याला विचारीत होते, "पूर्वी इथे पुलाजवळ एक हॉटेल होतं, भजी फार चांगली मिळायची. त्याचं काय झालं हो?"

घाट उतरताना अण्णा पुढच्या सीटवर बसले. मी आपला काट्यांकडे पाहतो आहे हे पाहून म्हणाले, "उतारात इंजिन तापत नाही, ब्रेक तापतात. आणि ब्रेकला काटा नाही. दुसऱ्या गिअरमध्ये टाक." कुंभार्लीची वळणे त्यांना अजून तोंडपाठ होती. कुठे दरड येते, कुठे समोरच्या ट्रकला वाट द्यावी, कुठे पूर्वी माकडे बसत. खाली पोफळीचे दिवे दिसू लागले तेव्हा ते जे बोलू लागले ते चिपळूणपर्यंत थांबले नाहीत. कोयनेचे पाणी डोंगरातल्या बोगद्याने पश्चिमेला कसे आणले, ते वीजघरातल्या चाकांवर कसे कोसळते आणि मग वाशिष्ठीत कसे सोडतात. पूर्वेला कृष्णेकडे जाणारे पाणी माणसाने पश्चिमेच्या समुद्राकडे कसे वळवले. "ऐन उन्हाळ्यात वाशिष्ठीला जे पाणी दिसतं ना, ते आमच्या हातून गेलेलं," नातवाला ते सांगत होते. मग रात्रपाळीच्या गोष्टी निघाल्या. पहाटे चार वाजताच्या नोंदीला डोळा लागू नये म्हणून लग्नानंतर आई थर्मासमध्ये कसा कडक चहा देई, तेही निघाले. दोन वर्षांत आईचे नाव त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होतो. सौभाग्यवतींनी मागच्या सीटवरून पदराने डोळे टिपलेले मला आरशात दिसले. माझा दुसरा डोळा आरशात असतो, हे मी आरंभीच सांगितले आहे.

बहादूरशेख नाक्याजवळ पेट्रोल भरले. अण्णांनी माझ्याकडे पेन मागितले. कशाला, ते मी विचारले नाही.

गुहागरला पोहोचायला रात्र झाली. सकाळी व्याडेश्वराचे दर्शन घेऊन आम्ही किनाऱ्यावर गेलो. गुहागरचा किनारा सरळ, लांबच लांब आणि स्वच्छ; मागे सुरूची झाडे, त्यामागे नारळी-पोफळींच्या वाड्या. आजोबा आणि नातू पाण्याच्या कडेकडेने पार लहान दिसू लागेपर्यंत चालत गेले. दुरून अण्णांचे हातवारे दिसत होते. बहुधा डबीचे दहा व्होल्ट समजावून देणे चालले असावे.

मी सौभाग्यवतींचा चष्मा आणायला गाडीपाशी आलो आणि पुढचा खण उघडला. वही हाती आली. दोन वर्षांच्या मोकळ्या जागेनंतर, त्याच तिरप्या अक्षरात, एक नवी ओळ होती. तारीख, चिपळूण, किलोमीटर, लिटर. शेऱ्याच्या रकान्यात लिहिले होते : 'काटे चालू. पुढील खेपेस वायपरचे रबर बदलणे.'

ती ओळ मी दोनदा वाचली. त्यात मला कोणी काही विचारलेले नव्हते, आणि तरी माझ्या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिथे होते. इतके दिवस मी काट्याला टिचकीसुद्धा न मारता टाकी रिकामी म्हणून मोकळा झालो होतो.

सुरूच्या सावलीत उभा राहून मी एजंटाला फोन लावला आणि सोमवारी येऊ नका म्हणून सांगितले.

"का हो सर? दुसरं गिऱ्हाईक मिळालं का?"

"छे, छे," मी म्हणालो, "वायपरचं रबर बदलायचं आहे."